ज्वारीवरील छोटा प्रक्रिया उद्योग : पहिल्या वर्षातील अडचणी



मोहोळ तालुक्यातील शेतकऱ्याला ज्वारी पिकवायला शिकवावे लागत नाही. ज्या मालदांडी ३५-१ या वाणाने महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रब्बी ज्वारीचे शिवार अनेक दशके व्यापले, त्याची निवड १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून झाली. भारी काळी जमीन, परतीचा पाऊस आणि पौषातील थंडी यांवर मोत्यासारखा दाणा तयार होतो. अडचण येते ती खळ्यावरून माल हलल्यानंतर. फाल्गुन-चैत्रात सर्वांची ज्वारी एकदम बाजारात येते आणि भाव उतरतो. तोच दाणा पुढे पीठ, रवा, पोहे, लाह्या किंवा कडक भाकरी होऊन शहरात कितीतरी अधिक दराने विकला जातो. हे पाहून अलीकडे बरेच शेतकरी, विशेषतः महिला बचत गट, छोटा प्रक्रिया उद्योग काढण्याचा विचार करू लागले आहेत. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून अशी विचारणा अधिकच वाढली आहे.

मी कृषिविद्या शिकवितो, व्यापार शिकवीत नाही. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करतो, कारण असा एक उद्योग माझ्या घरात उभा राहिला आणि अठरा महिन्यांत बसला. थोरल्या बंधूंनी वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून आणि वर कर्ज काढून ज्वारीचे पीठ व रवा करण्याची यंत्रे घेतली. त्यांना हिशेब करून देणारा मीच होतो. एकरी उत्पादन, पिठाचा उतारा, किलोमागे सुटणारा नफा हे सर्व मी कागदावर व्यवस्थित मांडले होते. फक्त ते पीठ कोण, कोणत्या महिन्यात, किती घेणार हा रकाना त्या कागदावर नव्हता.

यंत्र आधी की गिऱ्हाईक आधी

बहुतेक उद्योगांची सुरुवात यंत्राच्या दुकानात होते. विक्रेता ताशी दोन क्विंटल क्षमता सांगतो, आपण मनात गुणाकार करतो आणि मोठे यंत्र स्वस्त पडते असे वाटू लागते. आमच्याकडे तेच झाले. ताशी दोन क्विंटल दळणाऱ्या यंत्रावर दिवसाला चाळीस किलो पीठ खपत होते. म्हणजे यंत्र दिवसातून पाव तासही पुरते चालत नसे, हप्ता मात्र पूर्ण महिन्याचा भरावा लागे. वीजजोडणीचाही विचार आधी केला नव्हता. थ्री फेजच्या यंत्राला उद्योगाची वेगळी जोडणी लागते. शेतीपंपाच्या जोडणीवर ते चालविणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्यापोटी येणारी आकारणी लहान उद्योगाला झेपत नाही. नवी जोडणी मिळेपर्यंत आमचे यंत्र ताडपत्रीखाली होते आणि व्याज सुरू होते.

माझे आता असे मत झाले आहे की, पहिले तीन-चार महिने यंत्र घेऊच नये. गावातील गिरणीतून दळून घ्यावे. धान्य मात्र घरी काळजीपूर्वक निवडावे, कारण जात्याच्या गिरणीत खडा गेला तर पिठात कचकच येते आणि असे पीठ एकदा घेतलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. दळणाचे किलोमागे काही रुपये जातील, पण त्या रुपयांत आपल्याला गिऱ्हाईक कळते. विक्री सलग काही महिने ठराविक पातळीवर टिकली, तर प्रथम खडे काढण्याचे व दाण्याची प्रतवारी करण्याचे यंत्र घ्यावे आणि दळणयंत्र त्यानंतर घ्यावे. हा क्रम बहुतेकांना उलटा वाटतो. परंतु दळून देणारी गिरणी गावोगाव असते, स्वच्छ आणि एकसारखे धान्य निवडून देणारी सोय क्वचितच असते.

आपल्या तालुक्याबाबत आणखी एक गोष्ट. मोहोळ हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. पंढरपूरचा रस्ताही येथूनच फुटतो. आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात वाटेवर मांडलेला माल हातोहात जातो. त्या आठवड्याच्या विक्रीला बावन्नने गुणून वर्षाचा अंदाज बांधणारे मी पाहिले आहेत. वारीचा आठवडा वर्षात दोनदाच येतो. पौष आणि ज्येष्ठातील दोन साध्या आठवड्यांची विक्री पाहावी व तिच्यावर अंदाज बांधावा.

किंमत ठरविताना होणारी चूक

कडक भाकरीचे उदाहरण घेऊ. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, वाळवून कडक करावयाची आणि शेंगाचटणीबरोबर खावयाची ही सोलापूर भागातील जुनी रीत. सोलापुरात या भाकरीवर अनेक स्त्रियांचे घर चालते आणि पाकिटे दूरच्या शहरांपर्यंत जातात. खालील आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे दर घालून ते पुन्हा मांडावेत.

समजा, १०० किलो ज्वारी ४० रुपये दराने घेतली. तिचे ४,००० रुपये झाले. निवडून-पाखडून ९५ किलो राहिली. दळणाचे किलोला ५ रुपये म्हणजे ४७५ रुपये. हाती ९४ किलो पीठ आले. किलोला पंधरा पातळ भाकऱ्या धरल्यास १,४१० भाकऱ्या होतात. त्यांपैकी दहा टक्के भाजताना, वाळताना किंवा बांधताना तुटतात. विकण्याजोग्या सुमारे १,२७० उरतात. दहा भाकऱ्यांचे एक याप्रमाणे १२७ पाकिटे, पाकिटाला वेष्टन व लेबल मिळून ६ रुपये, म्हणजे ७६२ रुपये. सरपण किंवा गॅस ८०० आणि वाहतूक ६०० रुपये. येथवर एकूण खर्च ६,६३७ रुपये झाला. एका भाकरीला सुमारे ५ रुपये २३ पैसे पडले.

बहुतेक घरांत हिशेब येथेच थांबतो. भाकरी ६ रुपयांना विकली, ७७ पैसे सुटले, असे समाधान मानले जाते. पण थापणारीचे काय? दिवसाला १५० भाकऱ्या या वेगाने हे काम एका बाईला सुमारे साडेनऊ दिवस पुरते. सहा रुपये दराने १,२७० भाकऱ्यांचे ७,६२० रुपये आले, त्यांतून ६,६३७ गेले, उरले ९८३. म्हणजे तव्यासमोर दिवसभर बसणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १०३ रुपये मिळाले. शेजारच्या शेतात खुरपायला गेली असती तरी तिला याहून जास्त मिळाले असते. तिची मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली तर ३,८०० रुपये वाढतात, एकूण खर्च १०,४३७ रुपये होतो आणि एक भाकरी ८ रुपये २२ पैशांना पडते.

आता दुकानदाराकडे जाऊ. पाकिटावर भाकरीमागे १० रुपये किंमत छापली आणि दुकानदाराने २० टक्के मागितले, तर आपल्या हाती ८ रुपये येतात. म्हणजे भाकरीमागे २२ पैसे खिशातले जातात. ज्या धंद्यात माल भराभर खपतो आणि तरीही महिनाअखेर पैसे कमी पडतात, तेथे बहुधा असेच काही चाललेले असते. घरच्या माणसाची मजुरी वहीत लिहिलेली नसते एवढेच. हे सांगितले की काही बंधू म्हणतात, ‘घरच्या बाईला कसली मजुरी?’ त्यांनी निदान एवढे पाहावे की मागणी वाढली आणि शेजारच्या दोघी मदतीला बोलवाव्या लागल्या, की ती मजुरी रोख द्यावीच लागते. तेव्हा अचानक दर वाढविला तर गिऱ्हाईक तुटते. पहिल्या दिवसापासून मजुरी धरूनच दर ठरवावा. तुटलेल्या भाकऱ्या फेकू नयेत. त्यांचा चुरा वेगळ्या पाकिटात कमी दराने जातो, पण त्याची विक्री वेगळी लिहावी.

धान्याचा पैसा

बँकेत जाताना आपण यंत्राची दरपत्रके घेऊन जातो. धान्य खरेदीसाठी लागणारा पैसा मात्र आपण ‘बघू’ म्हणून सोडून देतो. दिवसाला २० किलो धान्य लागणारा, वर्षात ३०० दिवस चालणारा उद्योग घ्या. त्याला वर्षाला ६० क्विंटल ज्वारी हवी. ४,००० रुपये क्विंटलने तिचे २,४०,००० रुपये होतात. चांगली मालदांडी काढणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत मनासारखी निवडून मिळते. पावसाळ्यानंतर मिळतो तो महाग आणि मिसळीचा माल. म्हणजे वर्षभर हळूहळू विकावयाच्या मालाचा पैसा फाल्गुन-चैत्रात एकदम हवा. आमच्या घरी नेमके येथेच बिनसले. यंत्रावर सर्व पैसा गेला, धान्याला उरला नाही. श्रावणात बाजारातून खरीप संकरित ज्वारी मिसळलेला माल घ्यावा लागला. पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीच्या दाण्यावर बुरशी येऊन तो काळसर पडतो. पिठाचा रंग बदलला आणि चार नेहमीची घरे तुटली.

यावर काही उपाय आहेत. घरची ज्वारी असेल तर ती बाजारभावाने उद्योगाच्या वहीत विकत घेतल्याचे लिहावे, फुकट धरू नये. शेजारच्या शेतकऱ्यांशी आधी बोलून निम्मे पैसे काढणीला व निम्मे दिवाळीला असा ठराव करता येतो, मात्र तो कागदावर असावा. बाजार समित्यांमार्फत राबविली जाणारी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासूनची आहे. पडत्या भावात विकण्याऐवजी माल तारण ठेवून पैसा उभा करण्याचा तो मार्ग शेतकऱ्यांनी पाहून ठेवावा. बँकेकडे अर्ज करताना मुदत कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाची मागणी त्याच अर्जात करावी. नंतर मागितले की नव्याने सर्व कागद द्यावे लागतात.

अनुदानाबाबत दोन शब्द. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवण्यात आले. हे अनुदान कर्जाशी जोडलेले असते, हाती रोख पडत नाही. यास्तव अनुदान वजा करून उरलेल्या रकमेत घर चालेल असे गृहीत धरू नये. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना तालुका कृषी अधिकारी कार्यालयात वाचून घ्याव्यात. जो उद्योग अनुदानाशिवाय कागदावर तोट्यात दिसतो, तो अनुदानाने नफ्यात येत नाही, थोडा उशिरा बंद पडतो इतकेच.

पावसाळा आणि टिकवण

ज्वारीच्या दाण्यातील अंकुरात तेल असते. दळल्यावर ते हवेच्या संपर्कात येते आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत पिठाला कडवट वास येऊ लागतो. शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. सबब गव्हाच्या पिठाप्रमाणे ज्वारीचे पीठ दुकानाच्या फळीवर दोन-दोन महिने ठेवण्याचा माल नव्हे. आम्ही तो तसा ठेवला. दीड महिन्याने दुकानदारांनी पाकिटे परत केली, काहींत पोरकिडे झाले होते. पीठ विकावयाचे असेल तर मागणी नोंदवून, आठवड्याला दळून, थेट घरी पोहोचविणे बरे. फळीवर ठेवावयाचा माल कडक भाकरी, लाह्या, पोहे यांपैकी असावा.

परंतु कडक मालाला पावसाळा वैरी. रोहिणीपर्यंत कुरकुरीत असलेली भाकरी मृगानंतर दोन दिवसांत सादळते. येथे एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. लिज्जत पापडाचे काम १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केले. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह लावावयाचा. एवढ्याने काम चालू राहिले. त्याच सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी भारी आणि हलका असे दोन प्रतींचे पापड करून पाहिले होते. छगनलाल पारेख यांच्या सल्ल्यावरून हलकी प्रत बंद करून एकच उत्तम प्रत ठेवली आणि हिशेबही चोख ठेवण्यास सुरुवात केली. आपल्याकडे मार्चमध्ये उद्योग सुरू होतो तेव्हा कडक ऊन असते, सर्व काही वाळते. जूनचा विचार मार्चमध्येच करून ठेवावा. वाळवणीसाठी बंद खोली, खालून सौम्य उष्णता, जाड प्लॅस्टिकचे नीट सील केलेले पाकीट आणि तूट टाळण्यासाठी बाहेरून पुठ्ठ्याचा खोका, एवढी तयारी हवी. भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरू नये, नाहीतर आतल्या वाफेनेच ती मऊ पडते.

टिकण्याची मुदत दुसऱ्याच्या पाकिटावर पाहून छापू नये. दर घाण्यातील सहा पाकिटे घरी ठेवून दर पंधरवड्याला एक फोडावे, चव, वास व कुरकुरीतपणा वहीत लिहावा. हा प्रयोग एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करावा. दोन्हींपैकी कमी आलेली मुदत छापावी.

धान्य साठवितानाही ते उन्हात चांगले वाळवून, दाताखाली कडकन फुटेल असे करून, हवाबंद कोठीत किंवा पिशवीत भरावे. खाण्याच्या धान्यात विषारी भुकट्या मिसळू नयेत.

वाण आणि नाव

वाण निवडताना आपण उत्पादन पाहतो, प्रक्रियेला मात्र गुण वेगळे लागतात. भाकरीसाठी मालदांडीची चव ग्राहकाच्या जिभेवर बसलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी हे वाण दिले आहेत. साध्या ज्वारीच्या लाह्या फुलत नाहीत म्हणून यंत्राला दोष देणाऱ्यांनी आधी वाण पाहावा. बियाणे व प्रशिक्षण यांसाठी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क ठेवावा.

नावाबाबत सावधगिरी हवी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तालुका शेजारचा, वाण तोच, म्हणून मोहोळच्या ज्वारीच्या पाकिटावर ‘मंगळवेढा ज्वारी’ छापता येत नाही. त्या क्षेत्रातील नोंदणीकृत वापरकर्त्यांनाच तो अधिकार आहे. आणि त्याची गरजही नाही. मालदांडी ३५-१ मोहोळची, हे खरे आहे आणि ते छापायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. लांबोटीच्या चिवड्याने महामार्गावर आपल्या गावाचे नाव कसे चालविले हे आपण रोज पाहतोच.

परवान्यांची फार भीती बाळगू नये. लहान खाद्य उत्पादकाला अन्न सुरक्षा कायद्याखाली साधी नोंदणी करता येते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याबरोबर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, टिकण्याची मुदत, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हवे. वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी. हजार लेबले एकदम छापण्यापूर्वी मजकूर जाणकाराला दाखवावा. आमची पहिली दोन हजार लेबले उत्पादनाच्या तारखेला जागाच न ठेवल्याने रद्दीत गेली.

उधारी

पहिल्या वर्षात उद्योग बुडतो तो बहुधा उधारीत. नवा माल दुकानदार रोखीने घेत नाही, ‘खपला की पैसे’ म्हणतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, त्याची जागा अडते. मात्र अशी किती दुकाने आपल्याला झेपतील हे आपणच ठरवावयाचे असते. बंधूंनी उत्साहाच्या भरात सोलापूर व पुणे मिळून तीसहून अधिक दुकानांत माल ठेवला. वसुलीच्या फेरीला जेवढे डिझेल लागे, तेवढी वसुली काही वेळा होत नसे. सुरुवातीला पाच-सहा दुकाने पुरेत. मागील मालाचे पैसे मिळाल्याखेरीज पुढील माल ठेवू नये आणि प्रत्येक वेळी पोच घ्यावी. उद्यम नोंदणी २०२० पासून निःशुल्क आहे, ती करून घ्यावी. सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात गावचा उत्पादक पाच हजार रुपयांसाठी कोर्टकचेरी करीत नाही, हे मलाही माहीत आहे. पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि मुदत छापलेली असली की पुढील बोलणे सोपे जाते.

घरखर्चाचे आणि उद्योगाचे खाते वेगळे असावे. बचत गट असेल तर सही कोणाची, गैरहजर राहिल्यास मजुरी कशी, गट सोडणारीला काय द्यावयाचे, हे गोडी आहे तोवर लिहून ठेवावे.

आमचे मोठे यंत्र निम्म्या किमतीला गेले. बंधू पुन्हा शेती पाहू लागले आणि कर्ज उसाच्या दोन हंगामांत फिटले. वहिनींनी मात्र शेजारच्या दोघींना घेऊन कडक भाकरी चालू ठेवली. दळण गावच्या गिरणीतून आणतात, पाच दुकाने आणि काही घरे एवढेच गिऱ्हाईक आहे, मजुरी तिघींच्या नावे वहीत रोज पडते. गेल्या संक्रांतीला एक पाटली सोडविली. दुसरी अजून सावकाराकडे आहे. तिचे व्याज भाकरीच्या दरात धरावे की घरखर्चात, असे त्यांनी मला मध्यंतरी विचारले. मी घरखर्चात म्हणालो. त्यांनी ते भाकरीच्या खात्यात लिहिले आहे.